बारा बोअरची बंदूक आणि तितर

मानवत म्हटलं की लोकांना कापसाचं मार्केट आठवतं, नाहीतर मानवत रोड स्टेशन. मला मात्र आबांच्या कपाटातली दोन नळ्यांची बंदूक आठवते. निजामाच्या राजवटीत पणजोबांनी घेतलेली!

हॉस्टेलवर हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बारा बोअर म्हणजे काय गं?" बारा म्हणजे इंच नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास येतो साधारण १८.५ मिमी. तोच नळीचा आतला व्यास. म्हणून २० बोअरची नळी १२ पेक्षा बारीक असते.

नळ्या दोन का? तितर आधी पळतो आणि अगदी जवळ गेलं की भर्रकन उडतो. नेम धरायला वेळच नसतो, म्हणून एका गोळीऐवजी छर्रे. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोकचे सुमारे ७० टक्के छर्रे बसतात, सरळ नळीचे सुमारे ४० टक्के. पहिला बार मोकळ्या नळीचा, कारण पक्षी जवळ असतो. तो चुकला तर लांब गेलेल्या पक्ष्यासाठी आवळलेली नळी.

आमच्या बंदुकीच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आहे. ही डमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडायच्या. दिसायला सुंदर, पण आतल्या जोडात गंज शिरला तर बाहेरून कळत नाही. आपण सेकंड इयरला हूप स्ट्रेस शिकलो ना? भिंत पातळ झाली की ताण वाढतो. त्यात या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे हात गमावण्याची तयारी!

आबा तरुणपणी पणजोबांबरोबर रब्बीची ज्वारी निघाल्यावर शिवारात जायचे. घरचे नियम होते. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, पिलांच्या दिवसांत बंदूक काढायची नाही आणि जखमी पक्षी शोधल्याशिवाय घरी यायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी परवाना काढून काही पक्ष्यांची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. आबा म्हणतात, "बरंच झालं माय. आम्ही थांबलो नसतो."

आता प्रश्न बंदुकीचा. बाबा म्हणतात, जमा करून टाकू. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात ठेवायची, पुन्हा आणायची, शिवाय परवान्याचं नूतनीकरण... कशाला? परवान्यासाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. माझी पुढच्या वर्षी होतील. आबांनी मला एकदाच विचारलं, "तुला पाहिजे का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये ख्रिसमसला आम्ही पार्ट्रिजचं गाणं म्हणायचो. तो आपल्या तितराचाच भाऊबंद, हे मला आबांनी सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर पहाटे बांधावर गेले. "पतीला, पतीला" असा आवाज आला. आबांनी माझा दंड धरून थांबवलं आणि नर कुठल्या बोरीखाली आहे ते न बघता सांगितलं.

अर्ज पुढच्या वर्षी करता येईल, नाहीतर नाही करणार. पण हे ऐकायला शिकवणारे आबा ऐंशीचे आहेत. म्हणून या सेमिस्टरची परीक्षा संपली की मी पहिल्या गाडीने मानवत रोडला उतरणार आहे.