घरी बांधलेलं विमान, दोराला ग्लायडर

रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं रत्नागिरीत कुणी घेतली की ऐकणारा आधी आभाळाकडे बघतो आणि मग भाताच्या बियाण्याची चौकशी करतो. याच नावांची विमानं भारतात होऊन गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. दिल्लीत सफदरजंग विमानतळावर नागरी विमान वाहतूक खात्याचं तांत्रिक केंद्र होतं. तिथल्या अभियंत्यांनी बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडर, आखली आणि त्यांना नक्षत्रांच्या क्रमानं नावं दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी 1961 मध्ये पहिल्यांदा उडाली. तिच्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. आर्द्रा उडाली 1979 मध्ये. पावसात ज्याचं काहीच चालत नाही अशा यंत्राला पावसाची नक्षत्रं बहाल करणारा अधिकारी नक्कीच मिश्कील असणार.

ग्लायडरला इंजिन नाही, मग तो वर जातो कसा, या प्रश्नापाशी पहिला गैरसमज उभा राहतो. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कड्यावरून पळत जाऊन उडी घेणारा पॅराग्लायडर असतो. ग्लायडर ही त्याहून वेगळीच चीज आहे. त्याला पंख, शेपूट, चाक आणि बंद कॉकपिट असतं आणि माणसांसकट त्याचं वजन पाचशे किलोच्या घरात जाऊ शकतं. त्याला कुणीतरी ओढून वर न्यावं लागतं. पुण्यात सासवड रस्त्यावर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथली रीत विंचची. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये लांबलचक तार. विंचनं तार भराभर गुंडाळली की ग्लायडर पतंगासारखा उभा चढतो आणि मिनिटभराच्या आत तीनेकशे मीटरवर जाऊन तार सोडतो. दुसरी रीत म्हणजे इंजिनाच्या विमानानं दोर लावून ओढणं. अशा विमानाला वैमानिक ‘टग’ म्हणतात. टग ग्लायडरला सहाशे मीटरवर नेऊ शकतं, शिवाय जिथे वर चढणारी हवा असेल तिथवर नेऊन सोडतं. खर्च अर्थात जास्त.

हे टग घरी बांधलेलं असू शकतं का? असू शकतं आणि असतंही. मात्र ‘घरी बांधलेलं विमान’ म्हटल्याबरोबर लोकांना भंगारातल्या इंजिनाचा जुगाड आठवतो. हा दुसरा गैरसमज, आणि तो जरा चिवट आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण समोर आहे. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या या माणसानं मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. व्हीटी-एनएमडी या नावानं त्याची नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं 2020 मध्ये. बांधणीला वर्षं लागली, तशीच कागदांनाही लागली. जुगाडाला कुणी इतके कागद मागत नाही.

अमेरिकेत ही वाट जास्त मळलेली आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर ते ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदवता येतं. पुढे पाहणी होते आणि त्यानंतर ठरवून दिलेल्या हद्दीतच सहसा 25 किंवा 40 तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. प्रमाणित इंजिन आणि त्याला मंजूर असलेला पंखा (प्रोपेलर) वापरला असेल तर 25, नाहीतर 40. ब्रिटनमध्ये हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेचे निरीक्षक टप्प्याटप्प्यानं काम तपासतात. तिथल्या काही ग्लायडिंग क्लबांनी युरोफॉक्स नावाचं दोन आसनी विमान किट म्हणून आणलं, सभासदांनी ते जोडलं आणि टग म्हणून रोजच्या कामाला लावलं. स्लोव्हाकियात तयार होणाऱ्या या विमानाचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा, अंगावर कापड आणि पंख मिटून ठेवता येणारे.

युरोफॉक्सचं नाव काढलं की जुन्या क्लबांतला हमखास आक्षेप येतो: शंभर अश्वशक्तीचं हे खेळणं काय ग्लायडर ओढणार? कारण पिढ्यान्‌पिढ्या टग म्हणजे पायपर पॉनी. मुळात शेतावर औषध फवारायला बनवलेलं आणि 235 अश्वशक्तीचं इंजिन असलेलं दणकट विमान. बिघडलेली रिक्षा दोर बांधून हातखंब्याचा चढ चढवायची, तर पुढची गाडी तगडीच हवी, असं डोकं सहज चालतं. हवेत हिशेब वेगळा पडतो. तो कागदावर मांडूनच बघावा.

पाचशे किलोचा ग्लायडर घ्या. तो साधारण 1 मीटर खाली येताना 30 मीटर पुढे जातो, म्हणजे हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा, जेमतेम 17 किलो. ताशी 110 किलोमीटर वेगानं त्याला नुसतं सपाटीत ओढत न्यायला सातेक अश्वशक्ती पुरते. स्कूटरचं इंजिन झालं हे! खरं काम असतं उचलण्याचं. सेकंदाला अडीच मीटर चढायचं, तर ग्लायडरच्या वजनासाठी आणखी 16 अश्वशक्ती लागते. टगही पाचशे किलोचं धरू. त्यालाही चढायला 16 लागणार, पण त्याचा स्वतःचा अडथळा ग्लायडरच्या तिप्पट असतो, त्यात वीसेक जातात. एकूण साठच्या आसपास. या सावकाश वेगाला पंखा इंजिनाच्या शक्तीचा साठ-पासष्ट टक्केच उपयोग करून घेतो असं धरलं, तर इंजिन लागतं शंभर अश्वशक्तीचं. सहाशे मीटर गाठायला चार मिनिटं.

या हिशेबात टगचाच वाटा ग्लायडरपेक्षा मोठा आहे. म्हणजे टग जड झालं की त्याची वाढीव ताकद त्याचं स्वतःचं अंग उचलण्यात जाते. म्हणून हलकं टग कमी पेट्रोलमध्ये तेवढंच काम करतं, आणि शेजारच्या गावाला आवाजाचा त्रासही कमी होतो. मात्र हा हिशेब काठावरचा आहे, हेही सांगायला हवं. गवत ओलं, वारा पाठीमागून, उन्हाळ्याची तापलेली विरळ हवा आणि मागे जड दोन आसनी ग्लायडर अशी गाठ पडली, की शंभर अश्वशक्ती धावपट्टी संपेपर्यंत घाम फोडते.

मग कुठल्याही घरच्या विमानाच्या शेपटीला हुक ठोकला की टग तयार? मुळीच नाही, आणि हौशी मंडळी नेमकी इथेच घसरतात. स्वतः बांधायच्या विमानांत व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका फार लोकप्रिय. त्यांतली कित्येक विमानं ताशी 300 किलोमीटरच्या आसपास पळतात. ग्लायडर ओढताना वेग लागतो 110 ते 130. वेगासाठी आखलेले आखूड पंख, तशाच वेगासाठी निवडलेला पंखा आणि इंजिनाभोवती वारा खेळवायला ठेवलेल्या बेताच्या फटी यांना हे सावकाश चढणं सोसत नाही. इंजिन पूर्ण जोरात चालतंय आणि थंड करायला वारा पुरेसा नाही, अशी ती अवस्था. ग्लायडर सुटल्यावर याच्या उलट होतं. टगला लवकर खाली येऊन पुढचा ग्लायडर घ्यायचा असतो, वैमानिक ताकद एकदम कमी करतो आणि तापलेल्या सिलिंडरांवर गार वारा आदळतो. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनांचे सिलिंडर तडकू नयेत म्हणून ताकद टप्प्याटप्प्यानं उतरवावी लागते. युरोफॉक्समधल्या रोटॅक्स 912 इंजिनाची सिलिंडर हेड पाण्यानं थंड होतात, त्याचा फायदा इथे मिळतो.

हुकाचंही तसंच. दोराचा ओढा शेपटीच्या टोकाशी बसतो, म्हणून तिथला सांगाडा तो ताण पुढच्या मुख्य चौकटीपर्यंत पोचवणारा हवा. नुसत्या पत्र्याला रिव्हेट मारून भागत नाही. त्यामुळे हुक बसवणं हा मूळ आराखड्यातला बदल ठरतो आणि त्याची पुन्हा तपासणी व मंजुरी लागते.

दोराबद्दलचा समज तर अगदी उलटा आहे. जितका मजबूत दोर तितकं सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दोर वेळेला तुटला पाहिजे. अमेरिकी नियमानुसार त्याची तुटण्याची ताकद ग्लायडरच्या कमाल वजनाच्या 80 टक्क्यांहून कमी नको आणि दुपटीहून जास्त नको. पाचशे किलोच्या ग्लायडरला म्हणजे 400 ते 1000 किलो. दोर त्याहून भक्कम असेल तर टोकांना मुद्दाम कमजोर केलेला दुवा बसवतात, त्याला ‘वीक लिंक’ म्हणतात. साठेक मीटर लांबीच्या या दोराच्या टोकाला एकमेकींत अडकवलेल्या दोन पोलादी कड्या असतात. त्यांतली एक ग्लायडरच्या हुकात बसते. कॉकपिटमधली पिवळी मूठ ओढली की हुक उघडतो आणि कडी निसटते. टगच्या वैमानिकाजवळही दोर सोडायचा स्वतंत्र खटका असतो.

दोर तुटला की ग्लायडर दगडासारखा पडणार, हे सिनेमानं शिकवलेलं. ग्लायडर तरंगण्यासाठीच बनलेला आहे. फार खाली दोर तुटला तर समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचं. साठ-सत्तर मीटर उंची हाताशी असेल आणि वारा साथ देत असेल, तर वळून त्याच धावपट्टीवर यायचं. याचा सराव शिकाऊ उमेदवाराकडून करून घेतात.

खरा जीव टांगणीला लागतो तो पुढच्या वैमानिकाचा. मागचा ग्लायडर टगपेक्षा फार वर चढला, तर दोर टगची शेपटी वर खेचतो आणि नाक खाली जातं. नियंत्रणाचा दांडा मागे ओढून काही उपयोग होत नाही, कारण दोराचा जोर जास्त. हे सगळं काही सेकंदांत होतं. जमिनीजवळ घडलं तर दोर सोडूनही विमान सावरायला उंची उरत नाही. जगभरात टगच्या वैमानिकांचे जीव असे गेले आहेत. म्हणून ग्लायडरवाल्याला पहिल्या दिवशीच बजावतात: टग दिसेनासं झालं की विचार न करता पिवळी मूठ ओढायची. ग्लायडरला हुक दोन असू शकतात, एक नाकाशी आणि एक पोटाखाली. पोटाखालचा विंचसाठी. त्याच हुकाला टगचा दोर लावला तर ग्लायडर असा उसळण्याची भीती वाढते. हलक्या टगला हा झटका लवकर जाणवतो. तेव्हा हलक्या विमानाचं वर केलेलं कौतुक या ठिकाणी थोडं आवरतं घ्यावं लागतं.

आकाशात दोघांचं बोलणं रेडिओवर होतं, पण खुणाही ठरलेल्या आहेत. टगनं पंख डावे-उजवे डोलावले तर ‘आत्ताच्या आत्ता दोर सोड’. नुसतं शेपटीचं सुकाणू हलवलं तर ‘तुझे एअरब्रेक (ग्लायडरला खाली आणणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) उघडे राहिलेत, बघ’. दुसरी खूण पहिली समजून चांगल्या चढणाऱ्या ग्लायडरनं दोर सोडून दिला, असं होऊ शकतं, म्हणून शिकवणारे या दोन खुणा घोटून घेतात. अमेरिकेत टग चालवणाऱ्याला किमान 100 तासांचा अनुभव आणि या कामाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. शिवाय आधीच्या 24 महिन्यांत तीनदा तरी प्रत्यक्ष किंवा सरावाचं ओढकाम, नाहीतर टगमागून ग्लायडर चालवणं झालेलं असावं लागतं.

या कामातून पैसे सुटतील, हाही एक भ्रमच. प्रायोगिक वर्गातलं हौशी विमान माणसं किंवा माल भाड्यानं नेण्यासाठी वापरता येत नाही, हे अमेरिकी नियमात स्पष्ट आहे. ब्रिटनमधली घरी बांधलेली टगं चालतात ती क्लबाच्या सभासदांसाठी. विमान स्वस्त पडलं तरी हँगर, विमा, इंजिनाची दुरुस्ती आणि पेट्रोल यांची बिलं स्वस्त होत नाहीत.

राहता राहिली रत्नागिरी. ‘आमच्याकडे समुद्राचा वारा आहे, उंच सडा आहे, ग्लायडिंगला याहून चांगली जागा कुठली?’ ऐकायला बरोबर वाटतं. पण ग्लायडरला आडवा वारा पुरत नाही, वर चढणारी हवा लागते. मार्च-एप्रिलात कातळ चांगला तापतो आणि सकाळी त्यावरून हवा उठायलाही लागते, तोच दुपारकडे समुद्रावरून गार, दमट वारा आत शिरतो आणि ते चढते झोत किनाऱ्यालगत मोडून टाकतो. जोरदार झोत मिळतात ते आत, सह्याद्रीच्या बाजूला आणि घाटमाथ्यापलीकडे. समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यांवर आपटून वारा वर चढतो हे खरं, पण तो पट्टा अरुंद असतो आणि त्यातून बाहेर पडलं की उतरायला जागा हवी. खाली काय, तर आंब्या-काजूच्या बागा, जांभ्या दगडांचे गडगे, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि खाड्या. सोळा-सतरा मीटर पसरलेले पंख घेऊन तिथे कुणी उतरू नये.

धावपट्टी मिरजोळ्याला आहे, पण ती तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे आणि त्यांची विमानं तिथून समुद्रावर गस्त घालतात. त्यांच्या वेळापत्रकात मधूनच साठ मीटरचा दोर लोंबवत येणारं टग बसवणं कुणालाही अवघडच जाईल. रत्नागिरीतल्या एखाद्याला घराच्या मागच्या पडवीत विमान बांधायचं असेल तर त्यानं ते जरूर बांधावं. मिस्त्रीकाम, फायबरचं काम, इंजिनाची जाण या गोष्टी होड्या बांधणाऱ्या बंदरांना नव्या नाहीत. फक्त ते उडवायला आणि त्याच्या मागे ग्लायडर लावायला त्याला घाट चढून देशावर जावं लागेल.