दगडफूल: एक नाव, दोन जीव

सातारा-सांगलीकडच्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे एखादे फूल किंवा शेवाळ आहे, असा समज सर्रास आढळतो. वाळलेल्या पाकळ्यांसारखे दिसत असल्याने तो स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात ते शैवाक (बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन) आहे.

कोयना-चांदोलीच्या जंगलातले रानडुक्कर पाहा. तिथे हिशेब सरळ आहे: एक प्राणी, एक प्रजाती (आपसांत प्रजननक्षम संतती देणाऱ्या जीवांचा गट). दगडफुलाचे तसे नाही. ते वाट्याने केलेल्या शेतीसारखे आहे. बुरशी आसरा देते व ओलावा धरून ठेवते. शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला वाटा बुरशीला मिळतो. हे दुहेरी स्वरूप स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले. शैवाकाचे शास्त्रीय नाव मात्र नियमानुसार त्यातल्या बुरशीचे असते. शैवालाला स्वतःचे वेगळे नाव असते.

दगडफूल झाडांच्या सालीवरही वाढते, पण बांडगुळासारखे झाडाचा रस शोषत नाही. त्याची वाढ अतिशय संथ असते. म्हणून खोडावर दिसलेले दगडफूल रोग समजून खरवडू नका.