ओल, कापड आणि विज्ञान

पाऊस लागला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भाताच्या आवणीची घाई उडते. बाया दिवसभर वाकून चिखलात उभ्या असतात. एरवीही हंडा उचलायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, चढण चढायची, हे चालूच असते. अशा वेळी जोराची शिंक आली किंवा ओझे उचलले, की काहीजणींना नकळत थोडी लघवी होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले झाल्याचे कळते. हे सारे गावोगाव आणि शहरोशहरी घडते. पण बोलत कोणीच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या विषयाला हसण्याचे कारण नाही. लघवीवर ताबा न राहणे म्हणजे घाणेरडी सवय नव्हे. पचन बिघडते, नजर मंदावते, तसाच हाही शरीरातला एक बिघाड आहे.

आपले मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक लवचीक पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. तिच्या तोंडाशी स्नायूंचे वर्तुळ असते आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तिला झोळीसारखे तोलून धरतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, वयाबरोबर सैल पडते. मग खोकताना पोटातला दाब वाढला की तोंड घट्ट मिटून राहत नाही. काहींच्या बाबतीत उलटे होते : पिशवी पुरती भरण्याआधीच तिचे स्नायू आकसू लागतात आणि धीर धरवत नाही. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही असा त्रास होतो.

लाजेने झाकलेले दुखणे किती मोठे असू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार होता. पण पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास खास लघवीच्या तक्रारीचा नव्हता. मात्र कोणी विचारले नाही तर दुखणे दिसत नाही, हे त्याने जगाला दाखवले.

आता उपायांकडे वळू. घरोघरीचा जुना उपाय म्हणजे जुन्या लुगड्याची घडी. सुती धाग्यांमधल्या बारीक फटींत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. पण हे पाणी फटींत नुसते अडकलेले असते. घडीवर बसले, दाब पडला, की ते पुन्हा बाहेर येते. कापडाची उणीव ती हीच.

बाजारी पॅडमध्ये म्हणूनच एक पांढरी कणीदार पावडर घालतात. तिचे नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. तिचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असून त्या साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधलेल्या असतात. पाणी लागताच सोडियमचे आयन सुटे होतात. साखळीवर उरलेले ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळ्या फाकतात आणि परासरणाने पाणी आत शिरते. साखळ्या बांधलेल्या असल्यामुळे पावडर विरघळत नाही, तिची खळ होते. ही खळ दाबली तरी पाणी सहज सोडत नाही. गंमत अशी, की अशा अतिशोषक पदार्थांवरचे सुरुवातीचे काम अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत झाले. आपल्याकडेही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने जमिनीतली ओल टिकवण्यासाठी ‘पूसा हायड्रोजेल’ तयार केले आहे.

शुद्ध पाणी असेल तर पावडर आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषते. पण लघवीत क्षार असतात. बाहेरच्या पाण्यातच आयन भरपूर असले की परासरणाची ओढ कमी पडते आणि शोषण साधारण ३० ते ५० पटींवर येते. म्हणूनच पॅडची परीक्षा साध्या पाण्याने नव्हे, मिठाच्या पाण्याने करतात. १९९६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकात पॅड मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, वजन करून त्याची शोषणशक्ती ठरवण्याची रीत दिली आहे.

पण वजनकाट्यावर पहिला आलेला पॅड माणसाच्या अंगावरही पहिला येतो का? लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि साउदॅम्प्टन विद्यापीठ येथील संशोधकांनी हा प्रश्न अनेक वर्षे हाताळला आहे. अ‍ॅलन कॉटेंडन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या हातावर पॅडचे अस्तर ओढून घर्षण मोजले. ओल्या त्वचेवर घर्षण वाढते. कातडी सोलवटते त्याचे हे एक कारण. दुसरे कारण रासायनिक : जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात आणि त्वचेची नैसर्गिक आम्लता नाहीशी होते. मँडी फेडर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या घडणीचे पॅड प्रत्यक्ष रुग्णांना वापरायला देऊन तुलना केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचे सार असे, की सर्वांना चालेल असा एकच पॅड नाही. स्त्रियांची गरज वेगळी, पुरुषांची वेगळी. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. धुऊन वापरायचे प्रकारही काहींना पसंत पडले.

हाच प्रश्न डहाणू-तलासरीत विचारला, तर उत्तर आणखी निराळे येईल. फेकायचा पॅड पाड्यावर टाकायचा कुठे? पुरला तर प्लॅस्टिक आणि पावडर मातीत राहते, जाळला तर धूर होतो. शिवाय रोजचा खर्च परवडायला हवा. धुवायचा पॅड घ्यावा, तर उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण आणि पावसाळ्यात वाळवण्याची पंचाईत. जाड पॅड आतून ओला राहिला की त्यात जंतू वाढतात. तेव्हा इथल्या पॅडची घडी उलगडता आली पाहिजे आणि एकेक पदर चुलीजवळच्या उबेवरही वाळला पाहिजे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे. असे प्रश्न तपासायला याहून चांगली जागा कोणती?

तुम्हीही शाळेत एक प्रयोग करू शकाल. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा. जुन्या सुती कापडाच्या आठपदरी घडीचे वजन करा, तिच्यावर मिठाचे १०० मिलिलीटर पाणी ओता आणि खाली सांडलेले पाणी मोजा. मग घडीवर पाच मिनिटे वीट ठेवून आणखी किती पाणी बाहेर आले ते पाहा. टेरिकॉट, टॉवेल आणि बाजारी पॅड यांवर हेच करा. शेवटी ओली घडी आणि उलगडलेले कापड, दोन्ही सावलीत टांगून कोण आधी वाळते याची नोंद ठेवा. विद्यापीठात हाच विचार अधिक काटेकोर साधनांनी होतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पॅड हा आधार आहे, उपचार नव्हे. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच काही सेकंद आवळून सैल सोडायचे, असे दिवसातून अनेकदा करायचे. नेटाने काही महिने केल्यास अनेकांना गुण येतो. काहींना औषधाची वा शस्त्रक्रियेची गरज लागते. ते डॉक्टरांनी ठरवायचे. कपडे ओले होतील या भीतीने काही आजी-आजोबा पाणी पिणेच सोडतात. तसे केल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिकच टोचते आणि मलावरोधही होतो.

तुमच्या घरातली आजी अलीकडे लग्नाला, बाजाराला येईनाशी झाली असेल, तर कारण गुडघेच असतील असे नाही. आईकरवी किंवा गावातल्या आशाताईंकरवी हळूच विचारून पाहा. पहिला उपाय म्हणजे तो एक प्रश्न, आणि त्याला पैसा लागत नाही.