तारेवर चढणारा बर्फ

तारेच्या अँटेनाला थंडी सोसते, तिच्यावर गोठणारं पाणी सोसत नाही. कोरडं, भुसभुशीत हिम वाऱ्याबरोबर उडून जातं. पण शून्य अंशाखाली जाऊनही द्रवच राहिलेला पाऊस तारेला लागताच गोठतो आणि तिच्याभोवती काचेसारखं कवच चढत जातं.

हिशेब मांडून पाहू. २ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मीटरमागे साधारण २८ ग्रॅम भरते. तिच्या चहूबाजूंनी १ सेंटिमीटर बर्फ साचला, तर त्या बर्फाचंच वजन मीटरमागे सुमारे ३४५ ग्रॅम होतं. म्हणजे तारेच्या बारापट! शिवाय जाडी २२ मिलिमीटर झाल्यामुळे वाऱ्याला अकरापट रुंद अडथळा मिळतो.

अशा वेळी तार घट्ट ताणून ठेवणं हीच मोठी चूक ठरते. वजन तेवढंच राहून झोळ निम्मा झाला, तर तारेतला ताण दुप्पट होतो. म्हणून तारेला खाली यायला वाव द्यावा. एक टोक पक्कं बांधायचं. दुसऱ्या टोकाची दोरी खांबावरच्या कप्पीतून खाली सोडून तिला वजन टांगायचं. बर्फ साचला की तार खाली येते आणि वजन वर सरकतं, पण ताण जवळजवळ तेवढाच राहतो. बर्फ गळून पडला की वजन खाली येऊन तार पूर्ववत करतं. वजन वर जाताना कप्पीला अडकणार नाही इतकी जागा मात्र सोडावी, आणि त्याखाली कुणाची ये-जा नसावी.

दुसरा उपाय उष्णतेचा. अमेरिकेच्या मेन राज्यात, अटलांटिकच्या काठावर कटलर इथे अमेरिकी नौदलाचं प्रक्षेपण केंद्र १९६१पासून आहे. पाणबुड्यांना संदेश देणाऱ्या या केंद्रात तारांची दोन जाळी आहेत. प्रत्येक जाळं १३ मनोऱ्यांवर पसरलेलं, मधला मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. बर्फ वितळवण्यासाठी तारांमधून ६० हर्ट्‌झची वीज सोडून त्या तापवतात. तापणाऱ्या जाळ्यातून त्या वेळी प्रक्षेपण करता येत नाही. म्हणून एक जाळं तापत असताना दुसरं संदेश पाठवत राहतं.

घरच्या अँटेनासाठी एवढी वीज परवडणार नाही; तिथे लक्ष ठेवणं हाच उपाय. बर्फाच्या कवचामुळे अँटेनाची अनुनाद वारंवारिता खाली सरकते. प्रेषकाकडे परत येणारी शक्ती वाढलेली दिसली, तर प्रक्षेपण थांबवून बर्फ वितळण्याची वाट पाहावी. काठीने झोडपू नये; बर्फाबरोबर अँटेनाचे भागही मोडतात. केबलच्या जोडांवर जलरोधक टेप गुंडाळावी, कारण आत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं.

ही सगळी कामं हिवाळ्याआधी, कोरड्या दिवशी करावीत. शेवटी टांगलेलं वजन हाताने वर उचलून पाहावं. कप्पी न अडता फिरली आणि तार सहज खाली आली, तर ती बर्फालाही अशीच वाट देईल.