ऊसबिलाचा जुना प्रोग्राम : सरळ हाक की खिडकी?



आपले ऊसबिल काढणारा प्रोग्राम कोबोल भाषेतला, जुना आहे. वजन, दर, सोसायटीची वसुली, ठेवी यांचे नियम त्यात वर्षानुवर्षे साठत आले. आता गट ऑफिस, बँक आणि मोबाईल अशा तिन्ही ठिकाणी तोच हिशेब दिसावयास हवा. काही जाणकार म्हणाले, नवाच लिहून टाका. आम्हांस ते पटले नाही.

समजा १२.३४५ टन ऊस, दर टनास ३,१५०.२५ रुपये. गुणाकार येतो ३८,८८९.८३६२५. कोबोलमध्ये 'राउंडेड' असे लिहिले नसेल तर शेवटचे आकडे नुसते छाटले जातात, म्हणजे ८३ पैसे. नवा लिहिणारा सहज पूर्ण करून ८४ धरील. फरक एका पैशाचा, पण दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की सभासद विचारणारच, "काट्यावर पण असंच चालतं का हो?" आणि त्याचे काय चुकले?

तेव्हा हिशेब जुनाच राहील. प्रश्न उरतो त्याला बोलवावयाचे कसे.

एक रीत सरळ हाकेची. नवा प्रोग्राम जुन्याला थेट बोलावतो. काम झटपट होते, पण कोणती माहिती कितव्या जागी, किती आकडी द्यायची हे तंतोतंत जुळावे लागते. एक रकाना वाढवला की बोलावणाऱ्या सगळ्यांत दुरुस्ती. एखादा राहिला तर यंत्र कित्येकदा तक्रारही करीत नाही. भलताच मजकूर रक्कम म्हणून वाचते! आम्हांला भीती आहे ती याचीच.

दुसरी रीत 'स्टोअर्ड प्रोसिजर'ची. ही डेटाबेसमध्ये, म्हणजे यंत्रातल्या खातेवहीत, नावानिशी नोंदलेली खिडकी समजा. बाहेरच्याने सभासद क्रमांक व पंधरवडा द्यायचा, रक्कम घ्यायची. डीबी२सारख्या डेटाबेसमध्ये या खिडकीमागे जुना कोबोल प्रोग्रामच बसवता येतो, नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत. शिवाय बँकेला खिडकी तेवढी उघडी, कपाट बंद.

म्हणून गट ऑफिस, बँक व मोबाईल यांना खिडकी. रात्री एकगठ्ठा बिले काढताना मात्र सरळ हाकच बरी. घरच्या घरात हजारो बिलांना खिडकीशी रांग कशाला? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, पुढे सालीना १५ टक्के व्याज. तिथं रात्र वाया घालवून चालत नाही.

काटा पावत्या जपून ठेवाव्यात. मोबाईलवरचा आकडा बिलाशी जुळला नाही तर दोन्ही घेऊन शेती विभागात यावे.