दुसरी भाषा शिकणारा मेंदू: काही गैरसमज

सिंगापूरच्या नोव्हेना भागात टॅन टॉक सेंग रुग्णालयाच्या आवारात नॅशनल न्यूरोसायन्स इन्स्टिट्यूट आहे. तिचं संचालकपद भूषवलेल्या डॉ. ली वेई लिंग या देशाचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांच्या कन्या. माध्यमिक शाळांत १९६६ पासून दुसरी भाषा सक्तीची झाली ती ली यांच्याच आग्रहाने. हुशार मुलाला दोन्ही भाषा जमतील, असं ते धरून चालले होते. २००९ मध्ये मात्र, सुरुवातच चुकीची झाली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. भाषेची क्षमता आणि बुद्धिमत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना उतारवयात मेंदूतज्ज्ञ मुलीकडून कळलं होतं.

हा गैरसमज आपल्याकडेही घट्ट आहे. गणितात पुढे असलेलं पोर हिंदीत अडखळलं की ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं.

मग भाषा शिकण्याचा वेग मेंदूत आधीच ठरलेला असतो का? वॉशिंग्टन विद्यापीठात शँटेल प्रॅट यांनी २०१६ मध्ये १९ प्रौढांना पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं बसवलं आणि मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. नंतर आठ आठवडे फ्रेंचचे धडे. शिकण्याच्या वेगातला सुमारे ६० टक्के फरक त्या पहिल्या नोंदींशी जुळला, तोही प्रामुख्याने उजव्या भागातल्या लहरींशी. भाषेचं सगळं काम डावा मेंदूच करतो, ही समजूत इथे लंगडी पडते. पण माणसं मोजकी होती, आणि मोजला गेला तो वेग. कोण शेवटी कुठवर पोहोचेल, हे त्या आलेखात नाही.

‘महिनाभर शिकतोय, डोक्यात काही शिरत नाही’ म्हणणाऱ्यांनी याच विद्यापीठातला २००४ चा प्रयोग जरूर वाचावा. विद्यार्थ्यांना पडद्यावर खरे फ्रेंच शब्द आणि बनावट शब्द दाखवले. जेमतेम १४ तासांच्या शिकवणीनंतर कुठला खरा, हे त्यांना सांगता येत नव्हतं, उत्तरं अंदाजपंचेच होती. मेंदूच्या लहरी मात्र दोन्ही प्रकारच्या शब्दांना वेगळा प्रतिसाद देत होत्या. जिभेवर येण्याआधीच भाषा आत रुजू लागलेली असते.

वयाचंही तसंच. लहानपणी शिकलं तर उच्चार आणि व्याकरण सहज बसतं, हे खरं. पण सहा लाखांहून अधिक लोकांच्या चाचणीवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात व्याकरण शिकण्याची क्षमता सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकून असल्याचं दिसलं. शब्द तर म्हातारपणीही शिकता येतात.

मला सर्वांत घातक वाटतो तो घरातला गैरसमज. सिंगापूरच्या शाळांत भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते; या यादीत मराठी नाही. मग ‘पोराचा गोंधळ होईल’ म्हणून घरातली मराठीच बंद होते. ‘आई, माझा होमवर्क फिनिश झाला’ हा गोंधळ नव्हे. दोन भाषांत वाढणारी मुलं असंच बोलतात. वाचादोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि एक भाषा काढून घेतल्याने बरा होत नाही.

म्हणून पालकांना विनंती: हिंदी-इंग्रजीचं शाळा बघेल, घरात मराठी बोलत राहा. बोलणं उशिरा येतंय अशी शंका आली तर वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि मूल घरात कोणत्या भाषा ऐकतं हे पहिल्याच भेटीत सांगा.