दिवेआगरचा एक गुंठा, ७८६ किलोमीटरवरून

रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगरात नारळी-पोफळीची वाडी किती एकरांची, असं कुणी विचारत नाही. भावाभावांत वाटे पडत पडत जमीन गुंठ्यांवर आलेली आहे आणि बोलणंही गुंठ्यांतच होतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची जी चित्रं घेतात, त्यांतला एक बिंदू, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. १०० चौरस मीटर! युरोपातल्या अभियंत्यांनी गुंठा हा शब्द ऐकला असण्याची शक्यता नाही, पण त्यांचा एक पिक्सेल म्हणजे आपला एक गुंठा. अवकाशातल्या कॅमेऱ्यांचा हिशेब मांडायला याहून सोयीचं माप मला तरी सापडलेलं नाही.

त्या मापाने मागे जाऊ. भास्कर-१ हा आपला पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रशियातून सुटला. त्याच्यावर टीव्ही कॅमेरे होते आणि त्यांचा एक बिंदू एक किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ ९,९०० गुंठ्यांचा. अख्खं गाव दोन-चार ठिपक्यांत संपलं. खरी सुरुवात झाली ती १७ मार्च १९८८ला, बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१एपासून. त्याचे कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवले होते. जॉर्ज जोसेफ यांच्या नेतृत्वाखाली तिथे कॅमेऱ्यांचं काम उभं राहिलं, आणि त्या काळात केंद्राचे संचालक होते प्रमोद काळे. लिस-१ या कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटरचा म्हणजे ५२ गुंठ्यांचा, लिस-२चा १३ गुंठ्यांचा. पुढे लिस-४ आला तेव्हा एका गुंठ्यात तीन पिक्सेल बसू लागले. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी गेलेल्या कार्टोसॅट-३चा पिक्सेल पाव मीटरचा. त्याच्या चित्रात पोफळीचा एकेक शेंडा सुटा दिसावा.

आता या पिक्सेलच्या आत काय घडतं ते पाहू. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाचा कण पडला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. चकतीवर आखलेल्या सूक्ष्म घरांत हे इलेक्ट्रॉन साठतात. उजेड जास्त तिथे साठा जास्त. प्रश्न असतो तो लाखो घरांतला साठा बाहेर काढून मोजायचा कसा, हा. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी त्याचं उत्तर काढलं. वाडीतल्या रहाटाची गाडगी जशी एकामागून एक वर येऊन एकाच पन्हळीत रिकामी होतात, तशी विजेच्या दाबाने प्रत्येक घरातला साठा शेजारच्या घरात सरकवत न्यायचा आणि टोकाला एकाच जागी मोजायचा. हाच सीसीडी. दोघांना त्याबद्दल २००९चं नोबेल मिळालं. पुढे १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांनी प्रत्येक घरालाच स्वतःचा मोजणारा ट्रान्झिस्टर द्यायची पद्धत पक्की केली. खिशातल्या मोबाइलचा कॅमेरा तिचाच वंशज आहे.

उपग्रहाचा कॅमेरा मात्र मोबाइलसारखं चौकोनी चित्र एका झटक्यात टिपत नाही. बहुतेकांमध्ये घरांची एक लांबलचक ओळच असते. लिस-१मध्ये अशी २,०४८ घरं होती आणि ती मिळून १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत, म्हणजे दिवेआगरपासून पुण्याच्या बऱ्याच पलीकडपर्यंत. उपग्रह पुढे सरकतो तशा ओळीमागून ओळी जमा होतात आणि चित्र तयार होतं. सेंटिनेल-२ची जमिनीवरची गती सेकंदाला सहा-सात किलोमीटर. दिवेआगरचा चारेक किलोमीटरचा किनारा त्याच्याखालून जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदात निघून जातो आणि एका गुंठ्याच्या वाट्याला सेकंदाचा सहाशे-सातशेवा भाग येतो. कार्टोसॅट-३सारख्या बारीक नजरेच्या कॅमेऱ्याला तर तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून त्यात अनेक ओळी ठेवतात आणि चित्र जितक्या वेगाने सरकतं तितक्याच वेगाने इलेक्ट्रॉनांचा साठाही ओळीओळीतून पुढे ढकलतात. एकाच जागेचा उजेड अनेकदा गोळा होतो, तोही न हलता. या क्षेत्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती हीच.

नारळी-पोफळीच्या गावाला यातला एक गुण विशेष कामाचा आहे. सिलिकॉनला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. तांबड्याच्या पलीकडचा, जवळचा अवरक्त प्रकाशही त्याला कळतो. मोबाइलमध्ये गाळणी लावून तो अडवतात. उपग्रहावर मुद्दाम राखतात. कारण निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि हा अवरक्त प्रकाश मात्र निम्म्याच्या आसपास परत फेकतं. पाणी तो गिळून टाकतं. अवरक्ताला लाल रंग देऊन चित्र छापलं की समुद्र काळा, पुळण पांढरी आणि तिच्यामागे सुरूची बनं व वाड्या लालभडक दिसतात. झाड आजारी पडलं की हा लाल उतरू लागतो.

भारतातल्या दूरसंवेदनाचा पहिला गाजलेला प्रयोगही माडांवरचाच होता. १९७०च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांचे फोटो काढले आणि ‘रूट विल्ट’ या मर रोगाची झाडं त्यांत ओळखू आली. हे पिशारोटी त्या प्रयोगाआधीच कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे संचालक आणि मग पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होऊन गेले होते. रायगड जिल्ह्याने त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

मग आलं ३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात भर दुपारी जमिनीवर चढलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. ३६,००० किलोमीटरवरचे इन्सॅट-३डी आणि ३डीआर हे उपग्रह त्यावर सतत डोळा ठेवून होते. त्यांचा अवरक्त पिक्सेल चार किलोमीटरचा. त्यात गाव दिसत नाही, पण वादळाचा डोळा आणि ढगांच्या माथ्याचं तापमान दिसतं, आणि इशाऱ्याला तेवढं पुरतं. वाड्या काही वाचल्या नाहीत. पोफळी ओळीने मोडून पडल्या, माड उन्मळले. रोप लावून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं लागतात.

नुकसानीचा प्रश्न आला आणि माप पुन्हा आडवं आलं. बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली गेली. हेक्टरात जवळपास ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. कोकणातून ओरड झाली, तेव्हा झाडामागे मदत ठरली: माडाला २५०, पोफळीला ५० रुपये. शिफारशीप्रमाणे २.७ मीटरवर लावल्या तर गुंठ्यात १३-१४ पोफळी बसतात. जुन्या वाड्यांत त्याहून दाट. म्हणजे ५००चे ७०० झाले, फार तर थोडे जास्त. रक्कम क्षुल्लकच राहिली, पण मोजणीची रीत बदलली, आणि ती योग्य होती.

ही मोजणी आकाशातून का झाली नाही? एक तर जूनमध्ये कोकणावर ढग असतात आणि प्रकाशावर चालणारा कोणताही कॅमेरा ढगांपुढे आंधळा. ढगांतून पाहायला रडार लागतं. ३० जुलै २०२५ रोजी गेलेला इस्रो-नासाचा निसार त्याच जातीचा. दुसरं, आकाश मोकळं होईपर्यंत पडक्या वाडीत पावसाळी रान माजलेलं असतं, आणि पिक्सेलला रानही हिरवंच. तिसरं, पोफळीवर चढलेली मिरी, तिच्या सावलीतली जायफळं वरून दिसतच नाहीत. कॅमेऱ्याला फक्त वाडीचं छप्पर दिसतं.

सीसीडीच्या याच तंत्राने केलेली मोठी कामं मात्र आपल्याकडेच झाली आहेत. आदित्य-एल१ या यानावरची सूट ही सौर दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली. तिचा सीसीडी ४,०९६ बाय ४,०९६ घरांचा, सूर्याचा अतिनील प्रकाश टिपणारा. अतिनील सिलिकॉनच्या पृष्ठभागातच विरतो, म्हणून अशा चकत्या पाठीमागून घासून पातळ करतात आणि थंड ठेवतात. डिसेंबर २०२३मध्ये तिची पहिली चित्रं आली. सूर्यापर्यंत पोहोचलेल्या राज्याला दिवेआगरच्या पोफळी मोजणं अवघड नसावं.

मोजायच्या त्या वादळानंतर नव्हे, आधी. डिसेंबर-जानेवारीत या किनाऱ्यावर आकाश स्वच्छ असतं, सेंटिनेलची जोडी दर पाच दिवसांनी येते आणि तिची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, गावात ग्रामपंचायत आहे, शाळांत मोबाइल हाताळणारी मुलं आहेत. दरवर्षी एक हिवाळी चित्र जपून ठेवावं, त्याच्या जोडीला प्रत्येक वाडीत चालत जाऊन झाडांची आणि खालच्या मिरी-जायफळांची नोंद करावी, आणि ती वही तलाठ्याच्या दप्तरी लावावी. पुढच्या पंचनाम्याला पुरावा म्हणून तीच वही आणि तेच चित्र पुढे करता येईल.